मोटारीचे कारखाने आणि परभणीचा हिशेब

जुलै २०२४ च्या अखेरीस मुंबईत एक सामंजस्य करार झाला. टोयोटा किर्लोस्कर ही कंपनी छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे सुमारे २० हजार कोटी रुपये गुंतवून विजेवर चालणाऱ्या आणि हायब्रिड मोटारी बनविणार, त्यातून आठ हजार लोकांना प्रत्यक्ष आणि तितक्याच लोकांना अप्रत्यक्ष रोजगार मिळणार, असे राज्यकर्त्यांनी जाहीर केले. मराठवाड्याच्या मागासलेपणावरील रामबाण उपाय अखेर हाती लागला, अशा थाटात या घोषणेचे स्वागत झाले. तेथून रेल्वेने पावणेदोनशे किलोमीटरवर असलेल्या परभणी जिल्ह्यात मात्र अशा प्रत्येक घोषणेनंतर एकच प्रश्न विचारला जातो : त्यांना मिळाले, परभणीला काय?

प्रश्न स्वाभाविक आहे. २०११ च्या जनगणनेनुसार १८ लाखांवर वस्ती असलेल्या या जिल्ह्यात कृषी विद्यापीठ आहे, सरकी काढणाऱ्या जिनिंग-प्रेसिंग गिरण्या आहेत, साखर कारखाने आहेत. पण ज्याला मोठा यंत्रोद्योग म्हणावे असे काही नाही. १९७४ साली मराठवाडा विकास आंदोलन पेटले तेव्हा त्याची पहिली धग याच भागात जाणवली होती. वसमत तेव्हा परभणी जिल्ह्यात होते आणि तेथे तरुणांवर गोळीबार झाला होता. त्या तरुणांची मागणी नोकऱ्यांची होती. पन्नास वर्षांनंतर त्यांच्या नातवंडांचीही तीच मागणी असावी, यातच राज्याच्या नियोजनाचे सारे अपयश दिसून येते.

तरीही हा प्रश्न अपुरा आहे. मोटारीचा कारखाना कोणत्या जिल्ह्यात येतो, याइतकेच तो कोणत्या अटींवर येतो हे महत्त्वाचे आहे. आणि या दुसऱ्या गोष्टीची चर्चा मराठवाड्यात जवळपास होतच नाही. परभणीच्या कार्यकर्त्यांनी 'आम्हालाही एक कारखाना द्या' एवढीच मागणी लावून धरली, तर जागतिक मोटार कंपन्यांना आणि त्यांची आरती ओवाळणाऱ्या राज्यकर्त्यांना त्याहून सोयीचे काही नाही.

प्रथम साधा हिशेब करावा. वीस हजार कोटींना आठ हजारांनी भागले असता एका नोकरीमागे अडीच कोटी रुपयांचे भांडवल पडते. यात त्या कंपनीचा विशेष दोष आहे असे नव्हे. आजचा मोटारीचा कारखाना यंत्रमानवांच्या बळावर चालतो. सांधे जोडणे, रंग देणे ही कामे माणसाच्या हातून केव्हाच गेली आहेत. दोष आहे तो सवलतींच्या पद्धतीत. महाराष्ट्रात १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना चालू आहे. मागास भागात उद्योग जावेत हा तिचा मूळ हेतू, आणि तो रास्तच होता. पण या योजनेत सवलतींचे माप मुख्यतः भांडवली गुंतवणुकीवर ठरते. राज्याच्या वस्तू व सेवा कराचा परतावा, वीज शुल्कातून सूट, मुद्रांक शुल्कातून सूट, हे सारे जितकी गुंतवणूक मोठी तितके मोठे. प्रचंड प्रकल्पांसाठी तर मंत्रिमंडळाच्या पातळीवर वेगळे गठ्ठे बांधून दिले जातात. म्हणजे जो उद्योग कमीत कमी माणसे लावतो त्यालाच सार्वजनिक तिजोरीतून अधिकात अधिक मिळते. आणि ही तिजोरी भरते कोण? सेलूच्या बाजारात ठिबकच्या नळ्या घेणारा शेतकरी आणि पूर्णेच्या दुकानात साबण घेणारी मजूर बाई हेही तो कर भरतातच. कारखाना संभाजीनगरला, नफा परदेशात, आणि वर्गणी परभणीचीही, असा हा व्यवहार आहे.

परभणी आणखी एक वर्गणी देते, आणि ती याहून मोठी आहे. जिंतूर, गंगाखेड, पालम, सोनपेठ या तालुक्यांतून आयटीआय किंवा बारावी झालेली मुले दरवर्षी वाळूज, चाकण, तळेगाव, रांजणगाव या औद्योगिक पट्ट्यांत जातात. ज्यांचे आईबाप कोयता घेऊन उसाच्या फडावर जातात त्यांची मुले पाना घेऊन जुळवणीच्या पट्ट्यावर जातात. घर सोडण्याची रीत तीच, हत्यार तेवढे बदलले. एका खोलीत चारसहा जण राहतात, पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने झोपतात. त्यांच्या गणवेशावर कंपनीचे नाव असते, पगार मात्र कंत्राटदार देतो. वार्षिक उद्योग पाहणीच्या सरकारी आकड्यांनुसार देशातील संघटित कारखान्यांत १९९९-२००० साली शंभर कामगारांमागे सुमारे वीस कंत्राटी होते. २०२२-२३ मध्ये हे प्रमाण चाळिसाच्या वर गेले. 'संघटित क्षेत्र' या शब्दाला आता काय अर्थ उरला, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी स्वतःला विचारावयास हवा.

कंत्राटाच्याही खाली एक पायरी आहे. तेथल्या मुलाला कामगार असे म्हणतच नाहीत. तो 'प्रशिक्षणार्थी' असतो. २०१३ साली केंद्राने 'नीम' नावाची योजना आणली. तिच्याखाली मुले प्रत्यक्ष उत्पादनाच्या पट्ट्यावर उभी राहत. पण कायद्याच्या दृष्टीने ती कामगार नसत, त्यामुळे त्यांना भविष्यनिर्वाह निधी नाही आणि संघटनेचा अधिकारही नाही. योजना पुढे गुंडाळली गेली. तिने लावलेली सवय मात्र राहिली. २०२४ साली राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली आणि शिक्षणाप्रमाणे महिना सहा ते दहा हजार रुपये विद्यावेतन सुरू केले. ते भरते सरकार, काम घेते आस्थापना. शिकाऊ उमेदवाराला शिकवू नये असे कोणी म्हणणार नाही. पण वर्षानुवर्षे त्याच यंत्रावर नवनवे शिकाऊ येत राहतात आणि त्यातला एकही कायम होत नाही, तेव्हा तेथे शिक्षण चालले आहे की मजुरी वाचविणे, हे समजावयास फार विद्वत्ता लागत नाही.

सवलती घेणाऱ्या उद्योगांनी ऐंशी टक्के जागा स्थानिकांना द्याव्यात असे राज्याचे धोरण जुने आहे, आणि 'स्थानिक' म्हणजे राज्याचा रहिवासी, त्यामुळे परभणीचा मुलगा त्यात बसतो. अट कागदावर पाळली जाते. पण या अटीत 'स्थानिक' हा शब्द ज्या जोराने उच्चारला जातो त्या जोराने 'कायम' हा शब्द कोणी उच्चारत नाही, आणि सारी मेख तेथेच आहे.

या व्यवस्थेचा खरा लाभ मंदीत दिसतो. २०१९ साली मोटारींचा खप घसरला तेव्हा पाळ्या कमी झाल्या आणि सर्वांत आधी कंत्राटी हात कमी झाले. पुढच्याच वर्षी टाळेबंदी आली. दोन्ही वेळा ही मुले गावी परतली, आणि त्यांना कोणी पोसले? बापाच्या तीन-चार एकर कोरडवाहू जमिनीने. सोयाबीन आणि कापसाचा भाव पडलेला असतानाही. प्रगत देशांत उद्योगाला आपल्या कामगारांच्या बेकारी विम्याचा हप्ता द्यावा लागतो. येथे मराठवाड्याची कोरडवाहू शेती हाच मोटार उद्योगाचा बेकारी विमा आहे, आणि त्याचा हप्ता शेतकरी कुटुंबे भरतात. मालकाच्या कोणत्याही ताळेबंदात ही रक्कम दिसत नाही. मोटार स्वस्त पडते त्याचे एक कारण हे आहे.

आता कायम कामगारांचे काय होते ते पाहावे, कारण कायम नोकरी मिळाली म्हणजे सुटलो असे परभणीच्या घराघरात समजले जाते. पुणे जिल्ह्यातील तळेगाव येथे अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीने २००८ साली कारखाना सुरू केला. मे २०१७ मध्ये कंपनीने भारतीय बाजारात मोटारी विकणे बंद करीत असल्याचे जाहीर केले. तळेगावचा कारखाना तेवढा निर्यातीसाठी चालू राहिला. तेथे बनलेली 'बीट' मोटार मेक्सिकोत विकली जाई. डिसेंबर २०२० मध्ये तेही संपले. कारण काय? तळेगावचे कामगार आळशी होते म्हणून नव्हे, माल वाईट होता म्हणूनही नव्हे. डेट्रॉइटमध्ये बसलेल्या संचालकांनी जगाच्या नकाशावर कोठे राहावयाचे आणि कोठून उठावयाचे याचा फेरविचार केला होता. त्याच २०१७ साली कंपनी दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडली आणि युरोपातील ओपेल तिने विकून टाकली. २०२० मध्ये थायलंडमधील कारखाना चिनी कंपनीच्या हवाली केला. त्या मोठ्या हिशेबात तळेगाव ही एक ओळ होती.

कारखाना चीनच्या ग्रेट वॉल कंपनीला विकण्याचे जानेवारी २०२० मध्ये ठरले होते. एप्रिलमध्ये शेजारी देशांतून येणाऱ्या भांडवलाला केंद्राची पूर्वपरवानगी आवश्यक झाली, जूनमध्ये गलवान घडले, आणि व्यवहार दोन वर्षे लोंबकळत राहून २०२२ मध्ये मोडला. दरम्यान २०२१ साली चौदाशेच्या वर कामगारांना ले-ऑफच्या नोटिसा मिळाल्या. त्यांची संघटना औद्योगिक न्यायाधिकरणापासून वरपर्यंत लढत राहिली. ऑगस्ट २०२३ मध्ये कोरियाच्या ह्युंदाई कंपनीने मालमत्ता खरेदीचा करार केला आणि जानेवारी २०२४ मध्ये ताबा घेतला. जमीन गेली, इमारती गेल्या, ठरावीक यंत्रेही गेली. कामगार त्या करारात नव्हते. २०२५ मध्ये त्याच आवारातून पुन्हा मोटारी बाहेर पडू लागल्या, आणि वर्तमानपत्रांनी तिचे नवे पर्व म्हणून कौतुक केले. यंत्राला नवा मालक मिळतो, माणसाला मिळत नाही, हे भांडवली कायद्याचे तर्कशास्त्र इतक्या उघड स्वरूपात क्वचितच पाहावयास मिळते.

हा प्रकार भारतापुरता नाही. जानेवारी २०२१ मध्ये फोर्ड कंपनीने ब्राझीलमधील सर्व मोटार कारखाने बंद करीत असल्याचे सांगितले, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये भारतातील मोटारनिर्मिती थांबविण्याची घोषणा केली. ब्राझीलमधल्या कामासारी येथील फोर्डच्या जागेवर पुढे चीनची बीवायडी कंपनी आली. डिसेंबर २०२४ मध्ये तेथील बांधकामावर दीडशेच्या वर चिनी मजूर गुलामीसदृश स्थितीत राबत असल्याचे ब्राझीलच्या सरकारी निरीक्षकांना आढळले. एक जातो, दुसरा येतो. महाराष्ट्रालाही हा अनुभव नवीन नव्हता. कल्याणजवळ प्रीमियर कंपनीच्या भागीदारीत आलेली फ्रान्सची पीजो कंपनी १९९७ मध्येच काढता पाय घेऊन गेली होती, आणि तिच्यामागे कामगारांच्या थकबाकीचे लढे राहिले होते.

तर मग काय, सारी दारे बंद करून बसावयाचे? या प्रश्नाला समाजवाद्यांनी प्रामाणिकपणे सामोरे जावयास हवे, कारण बंद दारांचाही एक इतिहास आहे आणि तो फारसा गौरवाचा नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. देशी मोटारीचे ते स्वप्न मोठे होते. पण कुर्ल्याच्या कारखान्यात पन्नासच्या दशकात आलेली फियाटची गाडी नाव आणि किरकोळ सजावट बदलून शतक संपेपर्यंत चालू राहिली. परवाना पद्धतीमुळे उत्पादन वाढविण्यावर बंधने होती हे खरे; तरी परदेशी स्पर्धेपासून मिळालेले संरक्षण या घराण्यांनी संशोधनासाठी वापरले नाही, हेही तितकेच खरे. गिऱ्हाईक वर्षानुवर्षे यादीत तिष्ठत होते, मग नवे मॉडेल काढण्याची गरज कोणाला वाटणार?

आता कोरियाकडे पाहावे. ह्युंदाई मोटार कंपनी स्थापन झाली १९६७ साली, म्हणजे प्रीमियरनंतर तेवीस वर्षांनी. तिनेही इटालियन माणसाकडून आराखडा घेतला, जपानी इंजिन घेतले. पण १९७५ च्या अखेरीस 'पोनी' ही मोटार स्वतःच्या नावाने बाजारात आणली आणि दहा-अकरा वर्षांत आपल्या मोटारी अमेरिकेत विकून दाखविल्या. कोरियाच्या सरकारनेही आयातीला बंदी घातली होती, स्वस्त कर्जे दिली होती. ते सरकार लष्करी हुकूमशाहीचे होते, कामगार संघटनांना चिरडणारे होते. त्याचा आदर्श कोणी ठेवावा असे नाही. पण संरक्षणाच्या बदल्यात त्याने कंपन्यांकडून निर्यात आणि तंत्रज्ञान वसूल केले. भारतातल्या सरकारने संरक्षण दिले आणि बदल्यात काहीच मागितले नाही. १९९६ साली तीच ह्युंदाई मद्रासेत, म्हणजे आजच्या चेन्नईत, कारखाना काढावयास आली, आणि प्रीमियर मात्र तोवर शेवटच्या घटका मोजू लागली होती.

भारतानेही जेथे मागितले तेथे मिळाले. १९७१ मध्ये इटलीच्या पियाजिओशी असलेला बजाजचा करार संपला आणि सरकारने तो वाढवू दिला नाही. मग बजाजने स्वतःची 'चेतक' काढली. तो कारभारही मक्तेदारीचाच होता, चेतकसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. परंतु रचना आणि निर्णय देशात राहिले. त्याच बजाजचा कारखाना १९८५ साली वाळूजला आला. तेथे एंड्युरन्स, व्हॅरॉक यांसारखे सुट्या भागांचे उद्योग उभे राहिले आणि त्यांनी पुढे युरोपात जाऊन कारखाने घेतले. मराठवाड्यात यंत्रोद्योग म्हणून जे काही रुजले ते पुष्कळसे या एका अटीचे अपत्य आहे. मारुतीचीही गोष्ट तशीच. १९८२ च्या करारात भारत सरकारकडे ७४ टक्के आणि सुझुकीकडे २६ टक्के भाग होते, आणि सुटे भाग टप्प्याटप्प्याने देशातच बनविण्याचे बंधन होते. त्यातून शेकडो पुरवठादार तयार झाले. सरकारने २००२ मध्ये नियंत्रण सोडले, २००७ मध्ये उरलेसुरले भागही विकले. सोन्याचे अंडे देणारी कोंबडी अशा रीतीने वाजतगाजत जपानला पाठविण्यात आली.

अट घालण्याचे हे हत्यार पुढे हातातून काढून घेण्यात आले, आणि जागतिकीकरणाचा गाभा येथे आहे. डिसेंबर १९९७ मध्ये भारताने परदेशी मोटार कंपन्यांना नियम घालून दिला होता : तीन वर्षांत निम्मे आणि पाच वर्षांत सत्तर टक्के भाग देशी असावेत, आणि जितकी आयात त्या प्रमाणात निर्यात करावी. युरोपीय संघ आणि अमेरिका या दोघांनी जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली. डिसेंबर २००१ मध्ये निवाडा भारताविरुद्ध गेला आणि नियम मोडीत निघाले. ज्या देशांनी आपला मोटार उद्योग तटबंदीआड वाढविला, त्यांनीच इतरांच्या तटबंदीला बेकायदा ठरविले. चीनने मात्र मोटारींच्या बाबतीत पन्नास टक्के देशी भागीदाराची अट २०२२ पर्यंत टिकवून धरली आणि मगच सोडली. तोवर तिचे काम झाले होते. आणि ज्या अमेरिकेने भारताला मुक्त व्यापाराचे धडे दिले, तिनेच एप्रिल २०२५ मध्ये आयात मोटारींवर २५ टक्के जकात बसविली. सुट्या भागांवरही महिन्याभरात ती लागू झाली. पुणे-संभाजीनगरच्या निर्यातदारांना तेव्हा समजले असेल की नियम हे दुर्बळांसाठी असतात.

भारतातून पैसा कसा बाहेर जातो याची दोन अलीकडची उदाहरणे पुरेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये ह्युंदाईच्या भारतीय कंपनीने शेअर बाजारात सुमारे २७,८७० कोटी रुपयांची विक्री केली. देशातली तोवरची ही सर्वांत मोठी. त्यात नवा शेअर एकही नव्हता. कोरियातील मूळ कंपनीने आपल्याजवळचे १७.५ टक्के भाग विकले आणि सारी रक्कम तिच्याकडे गेली. येथील बचतीने येथे एक खिळाही ठोकला गेला नाही. यात बेकायदा काही नाही, आणि म्हणूनच ते अधिक विचार करण्यासारखे आहे. दुसरे उदाहरण संभाजीनगरचेच. शेंद्रा येथे २००१ पासून स्कोडाच्या मोटारी, आणि पुढे त्याच उद्योगसमूहाच्या ऑडी गाड्याही, जुळविल्या जातात. सप्टेंबर २०२४ मध्ये सीमाशुल्क खात्याने स्कोडा-फोक्सवॅगनला सुमारे १४० कोटी डॉलरच्या करमागणीची नोटीस दिली. जवळजवळ संपूर्ण मोटार सुट्या खोक्यांत विभागून आणली आणि जास्त जकातीऐवजी सुट्या भागांची कमी जकात भरली, असा खात्याचा आरोप आहे. कंपनीने तो नाकारला असून मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. निकाल काय लागावयाचा तो लागो. मुद्दा असा की मराठवाड्यात मोटार 'बनते' की नुसती 'जुळते', यावर अब्जावधींचा वाद होऊ शकतो. ज्या जिल्ह्यांच्या नावाने सवलती दिल्या जातात त्यांना हा फरक कोणी समजावून सांगत नाही.

कार्यकर्त्यांच्या भाषणांत पाण्याचा मुद्दा हटकून येतो. जायकवाडीचे पाणी उद्योगांनी पळविले आणि डाव्या कालव्याच्या शेपटाशी असलेली परभणी कोरडी राहिली, असे सांगितले जाते. कालव्याच्या शेपटावरचा अन्याय खरा आहे. पण त्यासाठी मोटार कारखान्यांना धारेवर धरणे बरोबर नाही. मद्यार्काचे कारखाने, ऊस आणि वरच्या धरणांनी अडविलेले पाणी यांच्या तुलनेत मोटारीला लागणारे पाणी थोडे. चुकीच्या शत्रूवर झाडलेली गोळी वाया जाते, आणि खरा शत्रू तेवढा वेळ निवांत राहतो.

विजेच्या मोटारींनी आता हा सारा डाव नव्याने मांडला आहे. या गाडीत इंजिन नाही, गिअरची पेटी जवळजवळ नाही, धुराडे नाही. वाळूज आणि चाकणच्या परिसरात हेच भाग बनविणाऱ्या लहान कारखान्यांत जे हजारो हात आहेत त्यांचे काय होणार? मोटारीच्या किमतीचा मोठा हिस्सा बॅटरीचा, आणि बॅटरीचे ज्ञान मुख्यतः चीनकडे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मिळ मृदा-चुंबकांच्या निर्यातीवर बंधने घातली, तेव्हा काही महिन्यांतच विजेच्या दुचाक्यांचे येथील उत्पादन अडखळले. अवलंबित्वाची राजधानी डेट्रॉइटहून हलली, एवढाच फरक. असे असताना केंद्राने मार्च २०२४ मध्ये धोरण काढले की किमान ४,१५० कोटी रुपये गुंतविण्याची हमी देणाऱ्या परदेशी कंपनीला ठरावीक संख्येने महागड्या तयार मोटारी केवळ १५ टक्के जकातीने आणता येतील. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या करारातही ठरावीक कोट्यापुरती मोटारींवरील जकात शंभर टक्क्यांवरून हळूहळू १० टक्क्यांपर्यंत खाली आणण्याचे कबूल झाले. विलायती मोटार स्वस्त करण्याची ही घाई कोणाच्या सोयीसाठी आहे, हे परभणीच्या एस. टी. स्थानकावर उभ्या असलेल्या माणसाला विचारावे.

अटी घातल्या तर भांडवल गुजरातेत किंवा तामिळनाडूत जाईल, असा धाक नेहमी घातला जातो. राज्ये एकमेकांशी सवलतींचा लिलाव लावतात हे खरे आहे आणि तो लिलाव केंद्राने थांबवावयास हवा. पण मोटार कंपन्या येथे दयाबुद्धीने येत नाहीत. २०२२ मध्ये जपानला मागे टाकून भारत जगातील तिसरा मोठा मोटार बाजार झाला. त्या बाजारासाठी त्या येतात. आणि अटी घालणे आज अशक्य आहे असेही नाही. २०२० मध्ये अंमलात आलेल्या उत्तर अमेरिकेच्या व्यापार करारात अशी अट आहे की जकातमाफी हवी असेल तर मोटारीच्या किमतीचा चाळीस ते पंचेचाळीस टक्के भाग ताशी किमान सोळा डॉलर मजुरी मिळविणाऱ्या कामगारांनी बनविलेला असावा. अमेरिकेने ती स्वार्थासाठी घातली. तरीही त्याच करारातील कामगार हक्कांच्या कलमांचा आधार घेऊन फेब्रुवारी २०२२ मध्ये मेक्सिकोतील सिलाओ येथील जनरल मोटर्सच्या कामगारांनी जुनी मालकधार्जिणी संघटना बाजूला सारून स्वतंत्र संघटना निवडून आणली आणि पगारवाढ मिळविली. भारतात उलट २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, आणि कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन शंभरऐवजी तीनशे कामगारांच्या कारखान्यांपासून सुरू झाले. आज तळेगाव पुन्हा घडले तर लहान पुरवठादार कारखान्यांतील कामगारांना परवानगीच्या टप्प्यावर लढण्याची तेवढीही जागा उरलेली नाही.

परभणीच्या कार्यकर्त्यांनी म्हणून मागणीचे शब्द बदलावेत. सवलतींचे माप गुंतवणुकीऐवजी कायम नोकऱ्यांवर ठरावे. कंत्राटी कामगाराला त्याच यंत्रावरच्या कायम कामगाराइतके वेतन मिळाले नाही तर त्या वर्षीचा करपरतावा थांबावा. ठरलेल्या मुदतीपूर्वी कंपनी उठून गेली तर घेतलेली सवलत व्याजासह परत करण्याचे कलम करारात असावे, आणि मालमत्ता विकताना कामगारांना सामावून घेणे हे खरेदीदारावर बंधनकारक असावे. संभाजीनगरच्या प्रकल्पांनी पुरवठादारांचे काही कारखाने जालना-परभणी रेल्वेमार्गावर काढावेत. नव्वदच्या दशकात या मार्गाचे रुंदीकरण झाले तेव्हा उद्योगांचेच आश्वासन दिले होते.

यापैकी बरेच मुंबई-दिल्लीत ठरावयाचे आहे. एक गोष्ट मात्र परभणीतच सुरू करता येण्यासारखी आहे. येथील कृषी विद्यापीठात अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे. बैल आणि छोट्या ट्रॅक्टरच्या अवजारांवर तेथे वर्षानुवर्षे काम झाले आहे. त्यातले किती आराखडे परभणी, मानवत, सेलूच्या वर्कशॉपांत उत्पादनाला गेले, आणि जे गेले नाहीत ते का गेले नाहीत, याची चौकशी जिल्हा नियोजन समितीत झाली पाहिजे. अडीच कोटी रुपयांत एक नोकरी देणाऱ्या प्रकल्पाला जी सूट मिळते, तिचा लहानसा अंशदेखील पेरणीयंत्र, कोळपे आणि सोयाबीनची मळणीयंत्रे बनविणाऱ्या पन्नास कारागिरांच्या सहकारी संस्थेला का मिळू नये? या संस्थेचे गिऱ्हाईक बांधावर उभे आहे, आणि तिचे मालक डेट्रॉइटला किंवा सोलला राहत नाहीत.

आणि जे करार झाले आहेत ते जनतेला वाचावयास मिळाले पाहिजेत. ज्या कंपन्यांशी सरकारने सामंजस्य करार केले त्यांना कोणती सवलत, किती वर्षे, कोणत्या बंधनावर दिली याचा तपशील मराठीत छापून प्रत्येक जिल्हाधिकारी कचेरीत ठेवण्यात यावा, अशी मागणी तालुका शाखांनी ठराव करून पाठवावी. माहितीच्या अधिकाराखाली अर्जही आजच करता येतात, आणि त्यासाठी लागणारे दहा रुपये कोणत्याही शाखेच्या तिजोरीत असतातच.